शोकसचिवांचे नवे डोळे

पाणीपुरवठा खात्यात माणूस गेला की दोन गोष्टी हलायच्या. एक त्याची फाइल आणि दुसरे शोकसचिव. फाइल हलायला वर्ष लागायचं. शोकसचिव मात्र तासाभरात कोरा कागद पुढे ओढून बसलेले असायचे. आता 'शोकसचिव' हे काही सरकारी पद नव्हे. पदाने ते देयक विभागातले वरिष्ठ लिपिक. पण तेवीस वर्षांपूर्वी एका साहेबांच्या शोकसभेला ठरलेला वक्ता घसा बसला म्हणून आला नाही, आणि यांचं अक्षर बरं म्हणून यांच्या हातात कागद कोंबला गेला. तेव्हापासून कोणीही गेलं, नोकरीतलं असो की निवृत्त, लोक आधी यांच्या टेबलाकडे बघत. आजवर एकशे बारा माणसांना त्यांनी निरोप दिला होता आणि एकाच्याही जन्मतारखेत चूक केली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता. अभिमान बाळगावा असं आयुष्यात दुसरं फारसं काही घडलं नव्हतं, हेही खरंच.

त्यामुळे इस्पितळाने दादाला 'आता घरीच न्या' असं सांगितलं आणि दादा खिडकीजवळच्या पलंगावर येऊन पडला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्याने धाकट्या भावाला विचारलं, "माझ्या वेळी तूच वाचणार ना?"

"काहीतरीच काय बोलतोस दादा!" सचिव म्हणाले.

"वाचशीलच. तुला दुसरं येतं काय? पण एक कर. तेवढा तो चष्मा आणू नकोस."

चष्म्याचं प्रकरण असं होतं, की सचिवांची लांबची नजर घारीची होती, पण दहा वर्षांपूर्वी चाळिशी लागली आणि हातातला कागद धुक्यात गेला. वाचायला चष्मा लागायचा. चष्मा लावून वर बघितलं, की समोरचे सगळे शोकाकुल नातेवाईक विरघळून जायचे. म्हणून ते वाक्य वाचताना चष्मा चढवत, वाक्य संपलं की उतरवत, पहिल्या रांगेकडे गंभीरपणे बघत आणि पुन्हा चढवत. मध्यंतरी त्यांनी दुहेरी काचांचा चष्मा करून पाहिला. त्यात खालच्या काचेतून वाचण्यासाठी हनुवटी इतकी वर न्यावी लागे, की गेलेल्या माणसापेक्षा आपण मोठे असल्यासारखे ते उभे राहत. शिवाय व्यासपीठाची पायरी दोन ठिकाणी दिसायची. खोट्या पायरीवर पाय ठेवून ते एकदा थेट हारांच्या टोपलीत बसले, आणि तो चष्मा कपाटात गेला.

"मागच्या रांगेतली पोरं मोजतात," दादा म्हणाला. "तुमच्या मुख्य अभियंत्याच्या बापाच्या सभेला मीही मोजलं होतं. एकतीस वेळा. जादूगारासारखा तू चष्मा काढतोयस, घालतोयस, हे मला बघवणार नाही."

"तू कुठे बघणार आहेस?" सचिव बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

दादा हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच हसला. स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत बघायला आल्या, काय झालं म्हणून.

झालं, सचिवांच्या डोक्यात किडा शिरला. दादा जगेल की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं. इस्पितळाचं, औषधाचं, कशाचंच काही त्यांच्या हातात नव्हतं. पण दादाला हवा तसा निरोप द्यायचा, कागदही दिसला पाहिजे आणि माणसंही, मधे चष्मा नको, एवढं आपण करू शकतो असं त्यांना वाटलं. माणसाला असं काहीतरी वाटावं लागतं.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी एक मुलगी होती. वय पंचवीसच्या आतबाहेर, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं. "काका, तुम्हाला मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स बसतील," ती म्हणाली. 'काका' त्यांना लागलं, पण तक्रार करावी असा चेहरा आरशात दिसत नव्हता. तिने समजावून सांगितलं, की या भिंगात जवळचं आणि लांबचं दोन्ही एकाच वेळी डोळ्यात शिरतं, आणि त्यातलं हवं ते मेंदूने निवडायचं असतं.

"मेंदूने?" सचिवांनी काळजीने विचारलं. एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत निवड करायचं काम त्यांच्या मेंदूकडे कधी आलंच नव्हतं.

"शिकतो हो मेंदू. आता दोन्ही हातांनी त्रिकोण करा आणि त्यातून दाराची मूठ बघा. आता हा डोळा मिटा. दिसते का मूठ? बरं, तुमचा उजवा डोळा प्रमुख आहे."

सचिव थोडे सुखावले. उजवा प्रमुख म्हटल्यावर डावा दुय्यम, ही रचना त्यांना खात्यातली असल्यासारखी समजली. उजव्याला लांबचं काम जास्त, डाव्याला जवळचं जास्त. दोघांनी मिळून फाइल वर पाठवायची.

"पण लगेच छान दिसेल असं समजू नका. अक्षरांना सावली दिसेल, दिव्यांभोवती वलयं दिसतील. अंधारात वाचता येणार नाही. मधलं अंतर थोडं कच्चं राहील. दोन-तीनदा नंबर बदलावे लागतील. सवय व्हायला सहा आठवडे धरा."

त्याच सकाळी दादाच्या घराच्या जिन्यात डॉक्टरांनी आवाज खाली आणून त्यांना सांगितलं होतं, "सहा आठवडे. फार तर." घरी आल्यावर सचिवांनी रोजनिशीत दोन्ही मुदती मोजून लिहिल्या. दोन्ही एकाच तारखेवर आल्या. मग त्यांनी पेन्सिलने दादाच्या मुदतीपुढे 'अंदाजे' असं लिहिलं.

भिंग डोळ्यात घालणं हे काय प्रकरण आहे, ते ज्याने घातलंय त्यालाच कळेल. चोपन्न वर्षं जो डोळा बोट जवळ आलं की मिटायचं एवढं एकच काम इमानाने करत आला, त्याला अचानक सांगायचं की हे बोट आपलं आहे, येऊ दे. तो ऐकत नाही. पहिल्या सकाळी सचिव पाऊण तास आरशासमोर होते. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, आत रडताय की काय?"

"रडत नाहीये. डोळा उघडत नाहीये."

"मग मी घालते."

"तू लांब राहा!"

चौथ्या दिवशी कामावर जायची घाई असताना डाव्या डोळ्यातलं भिंग बसलं आणि उजवं गायब झालं. बोटावर नाही, डोळ्यात नाही, बेसिनमध्ये नाही. सचिवांनी 'कोणी पाऊल हलवू नका' अशी आरोळी ठोकली. आरोळी ऐकून तळमजल्यावरचे निवृत्त औषधविक्रेते वर आले. इमारतीत कोणाच्या घरी पेला फुटला तरी सल्ला द्यायला हे पहिले हजर असत, म्हणून त्यांना सगळे 'तळमजला' म्हणत.

"डोळ्याच्या मागे गेलं असणार," तळमजला म्हणाले. "माझ्या माहितीतल्या एकाचं असंच गेलं होतं. थेट मागे. पुढे त्याला मागचं दिसायला लागलं म्हणतात."

"मागचं म्हणजे?"

"ते काही मी खोलात शिरलो नाही."

मग तळमजला, बायको, समोरच्या घरातल्या दोन बहिणी आणि इस्त्रीचे कपडे घेऊन आलेला माणूस असे पाचजण टॉर्च घेऊन रांगत होते. इस्त्रीवाल्याला पलंगाखाली बायकोची हरवलेली कुडी सापडली. तळमजल्यांच्या पाठीत चमक भरली आणि त्यांना उचलून बसवावं लागलं. शेवटी दुपारी दुकानातल्या मुलीने डावी पापणी वर करून पाहिलं, तर एकाच डोळ्यात दोन भिंगं एकावर एक बसलेली. प्रमुख अधिकारी दुय्यमाच्या खुर्चीत, त्याच्या मांडीवर.

संध्याकाळी सचिवांनी हे सगळं दादाला सांगितलं. दादा इतका हसला, की त्याला खोकला लागला. खोकला थांबेना, तेव्हा वहिनींनी प्राणवायूची नळी नाकाला लावली. सचिव अपराध्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. नळी नाकाला असतानाच दादा म्हणाला, "मागचं दिसायला लागलं... पुढे सांग."

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज सहा वाजता सचिव यायचे आणि डोळ्यांचा अहवाल द्यायचे.

अहवालाला विषय कमी पडला नाही. त्याची सोय खात्याने केली. वैद्यकीय बिलाचा फॉर्म घेऊन सचिव आस्थापना विभागात गेले. तिथल्या बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. पुस्तकात 'दृष्टीसाहाय्यक साधन: प्रत्येक कर्मचाऱ्यास एक' असं होतं.

"तुमच्याकडे चष्मा आहे ना? मग तो जमा करा."

"अहो बाई, भिंगं काढल्यावर रात्री काय लावू?"

"ते नियमात नाही. बदली साधन घेताना जुनं जमा करायचं. वॉकरचंही तसंच असतं."

"आणि कपाटात एक दुहेरी काचांचाही आहे," सचिव म्हणाले. प्रामाणिकपणा ही त्यांची जुनी खोड होती.

बाईंनी मान वर केली. "म्हणजे इतकी वर्षं दोन साधनं वापरत होतात?"

दोन्ही चष्मे लाखेची मोहोर लावून एका लिफाफ्यात गेले, लिफाफा लोखंडी कपाटात गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाई मुलीच्या बाळंतपणासाठी दीड महिन्याच्या रजेवर गेल्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. बिल नामंजूर झालं ते वेगळंच. भिंगं 'सौंदर्यप्रसाधन' ठरली. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

"सौंदर्यप्रसाधन!" दादा संध्याकाळी म्हणाला. तो स्वतः विमा कंपनीत छत्तीस वर्षं दावे तपासत होता आणि नियमांबद्दल त्याला खोल आदर होता. "तिने बरोबर केलं. मी असतो तर टाय लावलास म्हणून तोही जमा करून घेतला असता."

अशात खात्यातले एक निवृत्त भांडारपाल वारले. सचिवांच्या मनात नको नको होतं, पण तेवीस वर्षांत त्यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. शिवाय दादाच्या आधी एक रंगीत तालीम होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. तो आल्याबद्दल त्यांना दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली. सभागृहात दोनच दिवे लागत होते. दुकानातल्या मुलीने सांगितल्याप्रमाणे अंधारात प्रत्येक ओळीखाली तिचीच एक फिकट बहीण उभी राहिली. सचिव एकदा मूळ ओळ वाचत होते, एकदा बहिणीला. भांडारपालांचं दुःखद निधन झालं हे त्यांनी सांगितलं, ते शाळेत गेल्याचं सांगितलं, त्यांचं लग्न झाल्याचं सांगितलं आणि पुन्हा त्यांचं दुःखद निधन झालं. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मुलीने दुसऱ्या वेळीही हुंदका दिला. सचिवांना ती ओळ परत घ्यावीशी वाटली, पण निधन मागे घ्यायची सोय कोणत्याच सभेत नसते.

नंबर बदलले. तरी दिसेना. उलट लांबचे चेहरे पुसट आणि हातातलंही पुसट. आगीतून फुफाट्यात. सचिव तावातावाने दुकानात गेले. "तुमचा माल खराब आहे," त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मुलीने शांतपणे भिंगं बघितली आणि म्हणाली, "काका, उजव्याचं डाव्यात आणि डाव्याचं उजव्यात घालताय. किती दिवस?"

"पाच," सचिव खाली बघून म्हणाले. पाच दिवस प्रमुख आणि दुय्यम एकमेकांच्या टेबलावर बसून काम करत होते आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. खात्यात असं वर्षानुवर्षं चालतं, पण डोळ्यांत चालत नाही.

चौथ्या आठवड्यात निवृत्त मुख्य अभियंता गेले. तेच, ज्यांच्या बापाच्या सभेत दादाने मोजणी केली होती. या गृहस्थांनी सचिवांची बढती सहा वर्षं दाबून ठेवली होती. त्यांच्यासाठी रडेल असा माणूस घरातही असेल की नाही याची शंका होती. सचिव उभे राहिले, आणि डाव्या भिंगाखाली धुळीचा कण गेला. डाव्या डोळ्याला धार लागली. डोळा चोळला, तर उजवाही सहानुभूतीने वाहू लागला. कागद पुढे जाईना. सचिव दोन्ही गालांवरून पाणी ओघळत उभे होते. साहेबांची पत्नी कोरड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सभेनंतर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमचं त्यांच्याशी नक्की काय होतं?"

दुसऱ्या दिवसापासून खात्यात सचिवांकडे लोक वेगळ्या आदराने बघू लागले. दोन निवृत्तांनी तर फोन करून 'आमच्या वेळी तुम्हीच' असं सांगून ठेवलं. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "माझ्या वडिलांच्या वेळी का नाही हो रडलात असे?"

हा अहवाल दादाने डोळे मिटून ऐकला. आता तो हसत नव्हता, नुसते ओठ हलायचे. बसवलं तर बसायचा, पण पाठीशी दोन उशा लागायच्या. शेवटी म्हणाला, "लिहिलंस का माझं?"

सचिव खिशातला कागद काढेनात.

"काढ. दावा तपासल्याशिवाय मी कशावर सही केलेली नाही."

सचिव पलंगापासून चार फुटांवर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. कागद स्वच्छ दिसत होता. खिडकीबाहेरच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादरही स्वच्छ, तिचे चिमटे मोजता येतील इतकी. मधे दादा होता, तो मात्र दिसत नव्हता. म्हणजे होता, पण कडा नसलेला. दादा नेमका त्या कच्च्या अंतरात येत होता. गेले कित्येक दिवस आपण याला असंच बघतोय, हे सचिवांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. अजून ओढली. गुडघे पलंगाला लागले तेव्हा ते उठून पलंगावरच बसले. या घरात भाऊ भावाच्या इतक्या जवळ कधी बसत नसे.

आणि मग दादा दिसला. गळ्याची हाडं दिसली. कानाजवळचे खड्डे दिसले. सदऱ्याच्या पट्टीत मान अशी उभी होती, की सदरा दुसऱ्या कोणाचा वाटावा. ओठांच्या कोपऱ्यातली भेग दिसली. इतके दिवस ते रोज येत होते, रोज बोलत होते, आणि हे त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांना फार भीती वाटली.

"काय रे? काय दिसलं नव्या डोळ्यांना?"

"काही नाही. दाढी करायला हवी तुझी."

"खोटं बोलायची तुला अजून सवय झालेली नाही. वाच."

सचिवांनी वाचायला सुरुवात केली. "'मनमिळाऊ स्वभावाचे...'"

"कोणाशी?"

"सगळ्यांशी."

"एकाचं नाव सांग."

सचिवांनी विचार केला. शेजारच्यांशी दादा अकरा वर्षं बोलत नव्हता. साडूशी चौदा. "खोड," दादा म्हणाला.

"'परोपकारी वृत्तीचे...'"

"कागदपत्रं?"

"त्या गिरणीतल्या बाईचा दावा तू शनिवारी कचेरी उघडून मंजूर केला होतास."

"तो नियमातच बसत होता. उशीर आमचा होता. खोड."

दीड पानाचा कागद होता. 'प्रेमळ पती' आल्यावर दादाने वहिनींना हाक मारली आणि विचारलं, "हे हा लिहितोय. तुझं काय म्हणणं?" वहिनी म्हणाल्या, "राहू दे. पण 'प्रेमळ'च्या जागी नुसतं 'पती' लिहा." तिघंही हसली. वहिनी हसता हसता आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी कागदावर नाव, जन्मतारीख, नोकरी, वहिनींचं नाव आणि 'त्यांना एक धाकटा भाऊ आहे' एवढं उरलं.

"हे असू दे," दादा म्हणाला. "हे सिद्ध होतं."

सचिवांनी कागदाची घडी केली. त्यांना उठावंसं वाटेना.

"एक सांगू?" दादा म्हणाला. "तुझी भिंगं आल्यापासून बरं चाललंय माझं. इथे येणारा प्रत्येक जण मला विचारतो, आज कसं वाटतंय? तू एकटा येतोस आणि तुला कसं वाटतंय ते सांगतोस."

सहा आठवड्यांना दोन दिवस कमी होते. सचिव दुकानात शेवटच्या तपासणीला बसले होते. मुलीने लांबचा तक्ता दाखवला, त्यांनी तळाची ओळ वाचली. हातात छोटं कार्ड दिलं, त्याचीही तळाची ओळ वाचली. मधल्या अंतराचीही वाचली. ती स्वतःच इतकी खूश झाली, की तिने टाळी वाजवली. "काका, मेंदू शिकला तुमचा!" तेवढ्यात खिशात फोन वाजला. वहिनी होत्या. "भाऊजी, या," एवढंच म्हणाल्या.

शोकसभा आठवड्याने विमा कंपनीच्या सभागृहात ठेवली होती. सचिव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अर्धा तास आधी पोचले. भिंगं पहिल्या फटक्यात बसली होती, प्रमुख उजवीकडे, दुय्यम डावीकडे. खिशात सहा ओळींचा कागद होता. तो न बघताही त्यांना पाठ होता. दाराशी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"कागद द्या, भाऊजी. तुम्ही बोलायचं नाही. ह्यांनी सांगून ठेवलंय."

सचिवांना वाटलं, वहिनी भ्रमिष्टासारखं बोलतायत. "त्यानेच तर मला वाच म्हणून सांगितलं!"

"ते आधी. तुम्ही वाचून दाखवलंत त्या दिवशी तुम्ही गेल्यावर बदललं. म्हणाले, त्याने आजवर सगळ्यांचं उभं राहून केलं. माझ्या वेळी त्याला घरच्यांत बसू दे. कोणी भाषण करायचं नाही."

"अहो, सहा आठवडे!" सचिवांचा आवाज चढला. आत जाणारी माणसं थबकली. "सहा आठवडे डोळ्यांत बोटं घालून घेतली मी. चष्मे गेले, लोक हसले. एकशे चौदा परक्या माणसांना मी निरोप दिला, आणि सख्ख्या भावाला..." मानहानी झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याखाली दुसरं काहीतरी होतं, ज्याच्याकडे त्यांना अजून बघायचं नव्हतं. वहिनींनी त्यांच्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. मग त्यांना दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं.

या रांगेत सचिव कधी बसलेच नव्हते. इथून व्यासपीठ उंच दिसतं, आणि फोटो फार जवळ येतो. शेजारी बायको बसली. मागे विमा कंपनीची माणसं होती आणि पाणीपुरवठा खातं तर निम्म्याहून अधिक आलं होतं. खात्यातला एक अधिकारी वर आला, 'आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या' एवढं म्हणाला आणि बाजूला सरकला. सगळे उभे राहिले.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शोकसभेतली दोन मिनिटं ही कधीच दोन मिनिटं नसतात. पन्नासाव्या सेकंदाला पहिला माणूस खोकतो, साठाव्याला पाय बदलले जातात, आणि पासष्टाव्या सेकंदाला सचिव खालच्या पट्टीत 'धन्यवाद' म्हणायचे. लोक सुटकेचा श्वास टाकून बसायचे. तेवीस वर्षं हे असंच चाललं होतं. घड्याळाकडे कोणी बघत नसे. सगळ्यांचे कान त्या एका शब्दाकडे असत. तो अधिकारीही त्याच भरवशावर बाजूला झाला होता.

सचिव फोटोकडे बघत होते. सगळं स्वच्छ दिसत होतं. फोटोतला दादा, त्यामागची भिंत, आपले स्वतःचे हात. त्यांनी आयुष्यात इतकं नीट कधी बघितलं नव्हतं, आणि आता त्यांना काहीच बघायचं नव्हतं. दादा गेला. रोज सहा वाजता आता आपण कुठे जायचं, हे त्यांना कळेना. घशातून एक आवाज निघाला, तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. मग ते रडायलाच लागले. नाक ओढत, हुंदके देत, लहान मुलासारखे. उजवं भिंग पाण्याबरोबर घसरून गालावर आलं आणि तिथेच चिकटून राहिलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मागे कोणीतरी खोकलं, पण पुढे काही झालं नाही. तीन मिनिटं झाली. कोणाचा तरी फोन थरथरला आणि दाबला गेला. अधिकारी सचिवांकडे बघू लागला, मग खात्यातली माणसं बघू लागली. पाठदुखीचे तळमजला समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. चार झाली. बसावं की नाही, कोणाला समजेना. अशा वेळी आधी कोण बसणार?

बायकोने हळूच त्यांची बाही ओढली. "अहो," ती कुजबुजली, "लोक थांबलेत."

सचिवांना ते माहीत होतं. एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो त्यांच्याइतका चांगला कोणालाच म्हणता येत नव्हता. त्यांनी रुमालाने नाक पुसलं.

"थांबू देत," ते म्हणाले.

आणि कोणीही बसलं नाही.